बाल हक्क आयोगाला स्वतंत्र, जाणकार अध्यक्ष मिळायचा असेल तर

बालगृहाच्या नोंदणीचं काम महिला व बालविकास विभागाकडे आहे. तिथल्या मुलांच्या जेवणाखाणाचं अनुदान याच विभागातून येतं, तपासणीची यंत्रणा त्याच्याच हाताखाली चालते आणि तपासणीत काही वाईट आढळलं तर संस्थेचं काय करायचं हेही तिथेच ठरतं. यातला प्रत्येक अधिकारी प्रामाणिक असला तरी एक अडचण उरतेच. गृहात काही भयंकर घडलं असेल, तर ते उघड होणं म्हणजे विभागाचं स्वतःचं अपयश उघड होणं. म्हणून विभागाच्या बाहेर उभं राहून पाहणारी एक संस्था हवी, आणि त्यासाठी संसदेने बाल हक्क संरक्षण आयोग कायदा, २००५ केला. राष्ट्रीय आयोग मार्च २००७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग’ आहे, गोव्याचा आयोगही याच कायद्याखाली चालतो.

गुंता पुढेच आहे. राज्य आयोगाचा अध्यक्ष निवडणाऱ्या समितीच्या अध्यक्षस्थानी कोण असावं हे या कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलेलं आहे: मुलांचा विभाग ज्याच्याकडे आहे तो मंत्री. ज्याच्या कारभारावर लक्ष ठेवायचं, त्यानेच लक्ष ठेवणारा निवडायचा. कायदा बदलेपर्यंत हे असंच राहणार आहे. तरीही याच चौकटीत चांगली, स्वतंत्र नेमणूक करता येते. ती कशी करायची, ती बिघडते कुठे आणि नागरिकांना त्यावर नजर कशी ठेवता येते, हे इथे पाहू.

कायद्याने काय ठरवलंय

राज्य आयोगात एक अध्यक्ष आणि सहा सदस्य असतात. सहा सदस्यांत किमान दोन स्त्रिया हव्यात. सदस्यांसाठी क्षेत्रं नेमून दिलेली आहेत: शिक्षण; बालआरोग्य, संगोपन आणि बालविकास; बाल न्याय किंवा दुर्लक्षित, वंचित आणि दिव्यांग मुलांची काळजी; बालमजुरी निर्मूलन आणि संकटातली मुलं; बालमानसशास्त्र किंवा समाजशास्त्र; आणि मुलांविषयीचे कायदे. अध्यक्षासाठी मात्र एवढंच म्हटलंय की व्यक्ती नामवंत असावी आणि तिने बालकल्याणासाठी उल्लेखनीय काम केलेलं असावं. किती वर्षांचं काम, कोणत्या प्रकारचं, ते कोणी तपासायचं, याबद्दल कायदा काहीच सांगत नाही.

निवड समिती तीन जणांची. त्यातला एक मंत्री. उरलेले दोघे कोण असावेत, हे कायद्यात नाही. पूर्ण प्रक्रियेत सरकारला सर्वांत जास्त मोकळीक इथे आहे, आणि नेमणूक स्वतंत्र होणार की नाही हे बहुतांशी या दोन खुर्च्यांवर ठरतं. तिथे मंत्र्यांच्याच विभागाचे सचिव आणि आणखी एक अधिकारी बसले, तर तीन जणांची समिती कागदावर तिघांची आणि मताने एकाचीच होते. तिथेच उच्च न्यायालयाचे एखादे निवृत्त न्यायाधीश आणि बालहक्कांवर काम केलेल्या विद्यापीठीय प्राध्यापक बसल्या, तर मंत्र्यांनाही प्रत्येक नावाची कारणं सांगावी लागतात. यासाठी कायदादुरुस्ती लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समितीची शिफारस कायद्याने फक्त अध्यक्षासाठी सक्तीची आहे. सहा सदस्यांसाठी तशी अट नाही. त्यामुळे अध्यक्ष उत्तम निवडला आणि सदस्य सोयीने भरले, असं घडू शकतं. आयोगाचे निर्णय बैठकीत होतात, तिथे अध्यक्ष एकटे पडले तर त्यांचं ज्ञान निरुपयोगी ठरतं. सदस्यांची नावंही याच समितीपुढे ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.

मुदत तीन वर्षांची असते आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त वेळा पद घेता येत नाही. अध्यक्षाला वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर पदावर राहता येत नाही, सदस्याला ६० नंतर. या आकड्यांचा परिणाम मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५ व्या वर्षीच निवृत्त होतात, म्हणजे ते या पदावर येऊच शकत नाहीत. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. लगेच नेमले तर त्यांना जेमतेम एक मुदत मिळते, आणि निवृत्तीनंतर वर्षभराने नेमले तर दोनच वर्षं. म्हणून उमेदवाराची जन्मतारीख पहिल्याच चाळणीत पाहावी. दीड वर्षात वयोमर्यादेला पोहोचणाऱ्या व्यक्तीची निवड म्हणजे दीड वर्षाने पुन्हा रिकामी खुर्ची.

तुलना केल्याशिवाय या व्यवस्थेचं कच्चेपण कळत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षाची निवड मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेते यांच्या समितीकडून होते, शिवाय विधान परिषद असलेल्या राज्यात तिचे सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेतेही असतात. खाली जिल्ह्यात या. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचे सदस्य निवडण्यासाठी बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी जी निवड समिती सांगितली, तिच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आहेत, आणि तेही मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून नेमलेले. सोबत सात वर्षं अनुभव असलेल्या दोन स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी हवेत, आणि त्या संस्था स्वतः मुलांचं कोणतंही गृह चालवणाऱ्या नसाव्यात अशी स्पष्ट अट आहे. म्हणजे जिल्ह्याच्या समितीसाठी एवढी काळजी आणि राज्याच्या आयोगासाठी फक्त मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचे तिघे. ही उलटी रचना आहे आणि ती बदलायला हवी. तोवर राज्य सरकारने आपल्या तिघांच्या समितीत जिल्ह्याच्या नियमांमधली तत्त्वं उचलावीत, इतकं मागणं अवाजवी नाही.

तज्ज्ञ ओळखायचा कसा

अर्जात ‘२५ वर्षं समाजसेवा’ लिहिणाऱ्यांची कमतरता नसते. शाळा चालवणं, वह्यावाटप, आरोग्य शिबिरं ही चांगली कामं आहेत, पण आयोगाचं काम त्याहून वेगळं आहे. आयोगापुढे शिक्षण हक्क कायद्याखालची अपिलं येतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या आणि बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीवर त्याला लक्ष ठेवायचं असतं. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, पोलीस गृह विभागाचे, बालमजुरी कामगार विभागाची. या सगळ्यांना प्रश्न विचारायचे तर कायदा, प्रशासन आणि मूल या तिन्ही गोष्टींची समज लागते.

चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदाराला समन्स काढणं, कागदपत्रं हजर करायला लावणं, शपथपत्रावर पुरावा घेणं, सरकारी कार्यालयातून अभिलेख मागवणं, साक्षीसाठी कमिशन नेमणं. चौकशीनंतर तो खटला भरण्याची शिफारस करू शकतो, पीडित मुलाला अंतरिम मदत सुचवू शकतो, आणि उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात स्वतः जाऊन आदेश मागू शकतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसल्यामुळे हा शेवटचा अधिकार सर्वांत मोलाचा. कोणत्या शिफारशीसाठी न्यायालयात जायचं आणि कोणती पाठपुराव्याने मार्गी लागेल, हे ओळखणं म्हणजेच या पदावरचं कौशल्य.

मुलाखतीत भाषणं ऐकण्यापेक्षा एक प्रसंग द्यावा. समजा, एका अनुदानित बालगृहातल्या १३ वर्षांच्या मुलीने कर्मचाऱ्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली आहे, संस्थाचालक वजनदार आहेत आणि बातमी वाहिन्यांपर्यंत पोहोचली आहे. पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल?

अननुभवी उमेदवार सांगेल, ‘मी ताबडतोब तिथे जाईन, मुलीला भेटेन, तिच्याकडून सगळं जाणून घेईन.’ हेतू चांगला, पण यातून खटलाच कमकुवत होऊ शकतो. मुलीला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी लागते, प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात आणि बचाव पक्ष नेमकं त्यावर बोट ठेवतो. शिवाय अध्यक्षांच्या मागोमाग कॅमेरे गृहाच्या दारात पोहोचले, की मुलीची ओळख लपून राहत नाही.

जाणकार उमेदवार वेगळ्या क्रमाने जाईल. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांकडे नोंद झाली का, हे तो आधी विचारेल, कारण माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन आहे. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवलं का, हे तो पाहील. मुलीचा जबाब तिच्या राहत्या किंवा तिने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तसं झालं का? इथे एक खास अडचण आहे. मुलीचं राहतं ठिकाण म्हणजे तेच बालगृह. तिथे जबाब घेणं म्हणजे आरोपीच्या सहकाऱ्यांच्या देखत घेणं. म्हणून तिला आधी दुसऱ्या सुरक्षित जागी हलवण्याचा आदेश बाल कल्याण समितीकडून झाला का, हा प्रश्न जो उमेदवार स्वतःहून विचारतो, त्याला काम माहीत आहे असं समजावं. वैद्यकीय तपासणी विश्वासातल्या व्यक्तीच्या उपस्थितीत व्हावी, ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना पोक्सोच्या कलम २३ ची जाणीव करून द्यावी आणि गृहातल्या उरलेल्या मुलांचं काय, हे विचारावं. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. एका मुलीने तोंड उघडलं असेल तर आणखी काही जणी गप्प असण्याची शक्यता मोठी असते.

मग आयोगाचं स्वतःचं काम काय उरतं? पोलीस गुन्ह्याचा तपास करतील. या गृहाची शेवटची तपासणी कधी झाली, तपासणी समितीने काय लिहिलं, तक्रारपेटी कोण उघडत होतं, विभागाला आधी काही कळलं होतं का आणि कळूनही कोण गप्प बसलं, याची चौकशी आयोगाने करायची. ही माहिती विभाग आपणहून देणार नाही. समन्सचा अधिकार त्यासाठीच आहे.

बाहेरच्या तज्ज्ञाने काय फरक पडतो हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या गृहातल्या मृत्यूंच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यातून राज्यातली अशी गृहं पाहण्यासाठी समिती झाली. तिचं नेतृत्व टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रा. आशा बाजपेयी यांच्याकडे होतं. मुलांच्या कायद्यांचा त्यांचा अभ्यास होता आणि कोणत्याही गृहाशी हितसंबंध नव्हता. पुढच्याच वर्षी या समितीच्या पाहणीतून पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका गृहात मुलींवर होत असलेले अत्याचार उघडकीला आले. बोलता न येणाऱ्या मुलींकडून माहिती कशी मिळवायची, हे ज्याला ठाऊक आहे अशाच माणसाला ते दिसतं.

हितसंबंध: ज्यावर सर्वांत कमी बोललं जातं

उमेदवार चांगला असूनही या पदाला अयोग्य असू शकतो. त्यात त्याचा काही दोष नसतो. तो स्वतः बालगृह चालवत असेल तर आयोगाने त्याच्या गृहाची तपासणी कशी करायची? त्याची शाळा असेल तर २५ टक्के राखीव प्रवेशांच्या तक्रारी त्याच्यापुढेच येणार. तो दत्तक विधान संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असेल, विभागाकडून प्रशिक्षणाची कंत्राटं घेत असेल, पोक्सोच्या खटल्यांत आरोपींचं वकीलपत्र घेत असेल, तर प्रत्येक वेळी त्याला बाजूला व्हावं लागेल. सतत बाजूला होणारा अध्यक्ष काय कामाचा?

बाल कल्याण समितीसाठी बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ही गोष्ट कायद्यातच घातली. जिल्ह्यातल्या बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीवर येऊ शकत नाही. मानवी हक्क किंवा बालहक्क भंगाचा पूर्वेतिहास असलेली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली किंवा मुलांना कामाला ठेवलेली व्यक्तीही नाही. आयोगाच्या अध्यक्षासाठी निदान एवढी तरी घोषणा लेखी घ्यावी. त्यात उमेदवार, जोडीदार, आईवडील आणि मुलं यांच्या नावावरच्या सर्व संस्था आणि न्यास, गेल्या पाच वर्षांत सरकारकडून मिळालेलं अनुदान, प्रलंबित फौजदारी आणि दिवाणी प्रकरणं आणि राजकीय पक्षातली पदं असावीत. पाच वर्षांची मर्यादा कायद्यात नाही. अनुदानाच्या फायली आणि लेखापरीक्षण तेवढ्या काळापर्यंत सहज मागे जाऊन तपासता येतात, म्हणून ती व्यवहार्य वाटते.

राजकीय पक्षाच्या व्यक्तीला कायद्याने सरसकट बंदी नाही. पदावर असताना दुसरी पगारी नोकरी करायची नाही, एवढं बंधन आहे. पण काल पक्षाचा प्रवक्ता असलेला माणूस आज त्याच पक्षाच्या मंत्र्याच्या विभागाला समन्स काढेल, असा विश्वास तक्रारदार आईला वाटत नाही. तिला विश्वास वाटला नाही तर ती तक्रारच करत नाही.

उमेदवाराबद्दल काही प्रतिकूल माहिती असेल तर ती समितीपुढे यायलाच हवी. केंद्रीय दक्षता आयुक्तांच्या नेमणुकीत हे झालं नाही, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. त्या अधिकाऱ्यावर प्रलंबित प्रकरण होतं आणि शिफारस करताना समितीने त्याच्याशी संबंधित महत्त्वाची कागदपत्रं विचारात घेतली नव्हती. व्यक्ती दोषी आहे का, यापेक्षा संस्थेची विश्वासार्हता टिकते का, हे निवड समितीने पाहायला हवं, असं न्यायालयाने तेव्हा ठामपणे सांगितलं. तो निकाल दक्षता आयोगाविषयी असला तरी पोलीस पडताळणीशिवाय किंवा अर्धवट फायलीवर बाल आयोगाचा अध्यक्ष नेमणाऱ्या कोणत्याही सरकारला तो पुढ्यात ठेवता येतो.

वेळापत्रक उलटं मोजा

मुदत संपण्याची तारीख तीन वर्षं आधीच ठाऊक असते. तरी खुर्ची रिकामी राहते, कारण हालचाल मुदत संपल्यावर सुरू होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा खटल्याच्या निकालात राष्ट्रीय आणि राज्य बाल आयोगांतली पदं वेळेत भरा आणि पुरेसे कर्मचारी द्या, असं केंद्राला आणि राज्यांना बजावलं. त्यासाठी न्यायालयाला आदेश काढावा लागला यातच सगळं आलं.

बाल हक्क संरक्षण आयोग कायद्याच्या कलम ८ मधली ९० दिवसांची मुदत अनेकदा चुकीची वाचली जाते. ती मृत्यू, राजीनामा अशा कारणांनी मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी आहे. नियमित मुदत संपल्यावर मिळणारी सवलत म्हणून ती वापरता येत नाही. शिवाय मध्येच आलेल्या अध्यक्षाला फक्त उरलेली मुदत मिळते. चार महिने उरले असताना अध्यक्षांनी राजीनामा दिला, तर चार महिन्यांसाठी कोणता चांगला तज्ज्ञ नोकरी सोडून येईल? कोणीच येत नाही, आणि सरकार म्हणतं योग्य उमेदवार मिळाला नाही. अशा वेळी उरलेल्या काळासाठी आणि पुढच्या पूर्ण मुदतीसाठी अशा दोन शिफारशी एकाच निवड प्रक्रियेतून घेता येतील का, हे विधी व न्याय विभागाकडून आधीच तपासून ठेवावं.

नियमित नेमणुकीसाठी आठ महिने आधी सुरुवात केली तर घाई होत नाही. पहिल्या महिन्यात निवड समिती आणि निकष यांचा शासन निर्णय निघावा. मग जाहिरात, मराठी आणि इंग्रजी दैनिकांत आणि विभागाच्या संकेतस्थळावर, अर्जासाठी किमान चार आठवडे. दहा दिवसांची मुदत असलेली जाहिरात पाहिली की नाव आधीच ठरलंय अशी शंका येते आणि चांगले लोक अर्जच करत नाहीत. छाननीला महिना पुरतो. गुणपत्रक जाहिरातीसोबतच प्रसिद्ध झालेलं असावं. मुलांशी संबंधित कामाची वर्षं, चौकशी किंवा संशोधनाचे अहवाल, कायद्याचं ज्ञान, प्रशासनाशी टक्कर घेऊन काही बदलून दाखवल्याचा पुरावा, या प्रत्येकाला किती गुण ते त्यात असावं. अर्ज आल्यावर निकष ठरवले तर ते माणसाच्या मापाने शिवले जातात. अंतिम यादीतल्या पाचसहा जणांची पोलीस पडताळणी आणि हितसंबंधांची तपासणी यातच सर्वाधिक वेळ जातो. त्याला दोन महिने धरा. मग मुलाखती, समितीची कारणांसह लेखी शिफारस, मंजुरी आणि राजपत्रात अधिसूचना. जुने अध्यक्ष पदावर असतानाच नव्यांचं नाव जाहीर झालं, तर महिनाभर सोबत बसून प्रलंबित तक्रारी समजून घेता येतात.

माहिती आयोगांसाठी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ च्या अंजली भारद्वाज निकालात हीच शिस्त सांगितली होती: जागा रिकामी होण्याआधी प्रक्रिया सुरू करा, निकष आणि अर्जदारांची नावं संकेतस्थळावर टाका. बाल आयोगाला तो निकाल थेट लागू नाही, पण नमुना म्हणून तो तयार आहे.

मुलांचं मत कुठे आहे? इंग्लंडच्या २००४ च्या बालक कायद्यात बाल आयुक्त नेमताना मुलांना सहभागी करून घेण्याचं मंत्र्यांवर बंधन आहे. वेल्समध्ये उमेदवारांना मुलांनी प्रश्न विचारण्याची पद्धत पहिल्या नेमणुकीपासून आहे, आणि ते पद निर्माणच झालं उत्तर वेल्सच्या बालगृहांमधल्या अत्याचारांनंतर. आपल्याकडे कायद्यात हे नसलं तरी करायला मनाई नाही. बालगृहातून १८ पूर्ण करून बाहेर पडलेल्या चार तरुणांचं मंडळ बसवलं आणि उमेदवार त्यांच्याशी अर्धा तास बोलला, तर समितीला गुणपत्रकातून न दिसणाऱ्या गोष्टी कळतात. उमेदवार ऐकतो की उपदेश करतो, हे त्या मुलांना पाच मिनिटांत समजतं.

खुर्चीवर बसल्यानंतर

नेमणूक निर्दोष झाली तरी नंतरची व्यवस्था अध्यक्षाचे हात बांधू शकते. आयोगाचा सचिव राज्य सरकार नेमतं. तो राज्याच्या सचिवापेक्षा कमी दर्जाचा नसावा, असं आयोग कायद्याचं कलम २१ सांगतं, आणि रोजचा कारभार त्याच्याच हाती असतो. हे पद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून दिलं की आयोगाची फाईल त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सर्वांत खाली जाते. अध्यक्षांनी समन्स काढायला सांगितलं आणि पत्र तीन आठवडे सहीसाठी थांबलं, तर अध्यक्ष कितीही तज्ज्ञ असो, काही चालत नाही. म्हणून होकार देण्याआधी उमेदवाराने विभागाला विचारावं: पूर्णवेळ सचिव आहे का, मंजूर पदं किती, भरलेली किती, चालू वर्षाचं अनुदान किती आणि त्यातलं पगारापलीकडे काय उरतं. हे विचारण्यात संकोच नको.

पदावरून दूर करण्याच्या तरतुदीतही कच्चेपणा आहे. सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता, दिवाळखोरी, पगारी नोकरी, परवानगीशिवाय सलग तीन बैठकांना गैरहजेरी, पदाचा गैरवापर अशा कारणांवरून राज्य सरकारच अध्यक्षाला काढू शकतं. म्हणणं मांडण्याची संधी मात्र द्यावीच लागते. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षाला गैरवर्तनासाठी काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते, तसं संरक्षण इथे नाही. स्कॉटलंडमध्ये बाल आयुक्ताला काढायला संसदेचं दोन तृतीयांश बहुमत लागतं.

याहून मोठा दबाव न दिसणारा आहे. पहिल्या मुदतीच्या तिसऱ्या वर्षात अध्यक्षाला पुन्हा नेमणूक हवी असेल, तर ती देणारे तेच मंत्री आणि तोच विभाग असतो. इंग्लंडने आपल्या बाल आयुक्ताला सहा वर्षांची आणि वेल्सने सात वर्षांची एकच मुदत दिली ती यामुळेच. पुन्हा मिळणारच नाही हे ठाऊक असलं की कोणाला खूश ठेवावं लागत नाही. आपल्याकडे कायद्याने दुसरी मुदत शक्य आहे, तरी ती देताना नव्याने जाहिरात आणि पहिल्या मुदतीच्या कामाचा जाहीर आढावा व्हायला हवा.

जुन्या वादांतून शिकण्यासारखंही आहे. पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडीच्या मुलांच्या विक्रीच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग आणि राज्य आयोग अधिकारक्षेत्रावरून एकमेकांविरुद्ध उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने दोघांनी सहकार्याने काम करणं अपेक्षित आहे असं सांगितलं, आणि या भांडणात मुलंच भरडली जातात हे स्पष्ट शब्दांत मांडलं. केंद्रात एका पक्षाचं आणि राज्यात दुसऱ्याचं सरकार असताना पक्षाची ओळख घेऊन आलेले अध्यक्ष या सापळ्यात फार लवकर अडकतात.

तुम्ही काय विचारू शकता

माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात हे सगळं तपासता येतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून दोन अर्ज करा. पहिला महिला व बालविकास विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे: निवड समिती नेमल्याचा शासन निर्णय, जाहिरातीची प्रत आणि तारीख, निकष आणि गुणपत्रक, बैठकांची इतिवृत्तं, अंतिम शिफारशीची प्रत. दुसरा आयोगाकडे: मंजूर आणि भरलेली पदं, सचिवाकडे पूर्ण की अतिरिक्त कार्यभार, गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि ते विधिमंडळात ठेवल्याच्या तारखा. आयोग कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अहवालासोबत सरकारने केलेल्या कार्यवाहीचं आणि न स्वीकारलेल्या शिफारशींच्या कारणांचं निवेदनही ठेवावं लागतं. तेही मागा. अर्जदारांचे पत्ते किंवा खाजगी तपशील मागू नका, तेवढ्यावरून पूर्ण अर्ज अडकतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

कायद्याने घातलेली अट मोडून नेमणूक झाल्याचं कागदांवरून दिसलं, उदाहरणार्थ समितीची शिफारसच नाही किंवा वय उलटलेलं आहे, तर कोणताही नागरिक उच्च न्यायालयात अधिकारपृच्छेची याचिका करू शकतो. ‘या पदावर तुम्ही कोणत्या अधिकाराने आहात’ एवढाच प्रश्न तिथे विचारला जातो. उमेदवार दुसऱ्यापेक्षा कमी चांगला आहे, हा मुद्दा तिथे चालत नाही. न्यायालय पात्रता आणि प्रक्रिया तपासतं, पसंती नाही. म्हणूनच निकष आधी लिहून घेण्याचा आग्रह महत्त्वाचा आहे. निकष लिहिलेलेच नसतील, तर मोडले काय हे न्यायालयाला दाखवता येत नाही. सध्याच्या अध्यक्षांची मुदत कधी संपते ते आजच पाहून ठेवा, आणि त्याच्या आठ महिने आधी निवड समितीचा शासन निर्णय निघाला का, हे विचारणारा पहिला अर्ज टाका.